फुल फ्रेम असूनही रात्रीच्या व्हिडिओत दाणे, पट्टे आणि हुकलेला फोकस : नवी बॉडी घेण्याआधी हे तपासा

कार्तिक सुरू झाला, गावागावात जत्रा लागल्या की मला दरवर्षी तोच प्रश्न येतो. "दादा, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घेतला, तरी दशावतार शूट केला की काळ्या भागात नुसते दाणे दिसतात, मधेच आडवे पट्टे सरकतात आणि राजा पुढे आला की फोकस मागच्या पडद्यावर जाऊन बसतो, आता कॅननचा ५डी मार्क ४ घेऊ की निकॉनचा डी७८०?" क्लिप मागवून बघितली की बहुतेक वेळा बॉडीचा, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचा, दोष नसतोच. काही वेळा असतो, तेही सांगतो खाली, पण आधी हे समजून घ्या की दाणे, पट्टे आणि फोकस ही तीन वेगळी दुखणी आहेत. तिघांची कारणं वेगळी, औषधं वेगळी, आणि नवी बॉडी त्यातल्या एकाच दुखण्यावर नक्की चालते.

मी सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये नऊ वर्षं दशावतार, म्हणजे आपलं कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, शूट करतोय. सुरुवात कॅनन ६डीवर, मग सेकंडहँड ५डी मार्क ३, आता निकॉन डी७८०, आणि दोन-तीन कॅमेरे लावायचे असतील तेव्हा मित्रांच्या डी७५० आणि ५डी मार्क ४ वर पण भरपूर काम झालंय. त्यामुळे पुढचं सगळं जत्रेच्या उजेडातलं आहे, स्टुडिओतलं नाही. लग्नाची हळद, जागरण-गोंधळ, विसर्जन, कुठेही रात्री शूट करत असाल तरी लागू पडेल.

आधी दाणे, म्हणजेच नॉइज. माझ्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट, आडदशावताराला (मुख्य नाटकाआधीचा भाग) संकासुर राक्षसाची एन्ट्री होती. काळा पोशाख, काळं तोंड, लाल जीभ, मागे अंधार. दुपारपासून मी पालखीचे फोटो काढत होतो, शटर १/२०० सेकंदावर होता तो तसाच राहिला, लेन्स २४-१०५ एफ ४ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा तो आकडा, ऑटोवर. कॅमेऱ्याने बिचाऱ्याने काय करावं, आयएसओ थेट १२८०० वर नेला. छोट्या स्क्रीनवर मस्त दिसत होतं, घरी येऊन मोठ्या मॉनिटरवर लावलं आणि पोटात गोळा आला, संकासुराच्या अंगावर मुंग्या चालतायत असं वाटत होतं. ती एन्ट्री त्या वर्षी परत मिळणार नव्हती.

आता तोच हिशोब सरळ करू. शटर १/२०० वरून १/५० वर आणला की चौपट प्रकाश. एफ ४ ची लेन्स काढून एफ २ ला प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावली की आणखी चौपट. चार चोक सोळा, म्हणजे १२८०० ची गरज ८०० वर आली. हा फरक कुठलीही बॉडी बदलून मिळत नाही. क्रॉप म्हणजे छोट्या सेन्सरवरून फुल फ्रेमवर आलात तर सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण सव्वादोन ते अडीच पट होतं, म्हणजे फायदा सव्वा स्टॉपच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), आणि इथे फक्त शटर आणि लेन्समध्ये आपण चार स्टॉप मिळवले. म्हणून मी पहिल्यांदा हेच विचारतो की लेन्स कुठली, शटर किती आणि आयएसओ ऑटोवर होता का. ५० एमएम एफ १.८ ही सगळ्यात स्वस्त लेन्स असते पण रात्रीच्या कामात एफ ४ च्या महागड्या झूमपेक्षा जवळजवळ पाचपट उजेड आत घेते. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर आधी लेन्स घ्या.

दुसरी गोष्ट मीटरची, म्हणजे कॅमेरा उजेड मोजतो त्याची. स्टेजवर तीन चतुर्थांश फ्रेम काळी असते. ऑटो एक्स्पोजरला ठेवलं की कॅमेऱ्याला वाटतं फ्रेम अंडर, म्हणजे गरजेपेक्षा काळोखी, आहे, तो काळ्याला राखाडी करायला जातो, राजाचा रंगवलेला चेहरा पांढरा फटक होतो आणि काळ्या पडद्यात दाणे उठतात, दोन्हीकडून नुकसान. मॅन्युअल मोड, आयएसओ पण मॅन्युअल, आणि एक्स्पोजर चेहऱ्यावर धरा, काळा भाग काळाच राहू दे. पण म्हणून मुद्दाम अंडर शूट करून "नंतर एडिटिंगला उचलू" असंही करू नका. ८ बिटचा, म्हणजे मोजक्याच छटा साठवणारा, व्हिडिओ आहे, फोटोच्या रॉ (कच्च्या) फाइलसारखा तो उचलला जात नाही, आयएसओ १६०० ला अंडर करून वर ओढलेला व्हिडिओ ३२०० ला नीट एक्स्पोज केलेल्यापेक्षा घाण दिसतो, हे मी कितीदा करून बघितलंय. आणि अंधारात स्क्रीनच्या ब्राइटनेसवर विश्वास ठेवू नका, डोळे अंधाराला सरावलेले असतात त्यामुळे अंडर फ्रेम पण लख्ख वाटते. ब्राइटनेस दोन घरं कमी करा आणि रेकॉर्ड दाबायच्या आधी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा.

मेनूतली काही सेटिंग पण गुपचूप दाणे वाढवतात आणि बऱ्याच जणांच्या कॅमेऱ्यात ती वर्षानुवर्षं चालू असतात. कॅननमध्ये हायलाइट टोन प्रायॉरिटी चालू असेल तर आयएसओ २०० च्या खाली जातच नाही आणि सावल्यांमध्ये नॉइज वाढतो. ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर सावल्या स्वतःहून उचलतो. निकॉनमध्ये हेच काम अॅक्टिव्ह डी-लाइटिंग करतं. रात्री तिन्ही बंद. शार्पनेस पिक्चर स्टाइलमध्ये शून्यावर आणा कारण कॅमेरा दाण्यांना पण शार्प करतो. आणि फ्लॅट किंवा लॉग प्रोफाइल (मुद्दाम फिकट, कमी कॉन्ट्रास्टचं चित्र) रात्री वापरू नका, हे मला तळमळीने सांगायचंय, कारण हल्ली ट्युटोरियल बघून प्रत्येक जण लॉग लावतो. लॉगचा उपयोग भर उन्हात, जिथे उजेड आणि सावली यातलं अंतर जास्त आहे आणि उजेड पोटभर आहे. ८ बिटमध्ये, आयएसओ ६४०० ला, लॉगमध्ये शूट करून कॉन्ट्रास्ट परत वाढवला की सावल्यांतली सगळी घाण वर येते. न्यूट्रल प्रोफाइल, कॉन्ट्रास्ट थोडा कमी, बस झालं.

जुन्या कॅननवाल्यांसाठी एक खास गोष्ट, ५डी मार्क २, मार्क ३, ६डी यांना लागू. आयएसओ १६०, ३२०, ६४०, १२५० हे आकडे त्यांच्या शेजारच्यांपेक्षा सावल्यांमध्ये स्वच्छ दिसतात. कारण कॅमेरा आतून २००, ४००, ८०० असं शूट करून डिजिटली थोडं खाली ओढतो, त्यात दाणेही दबतात. बदल्यात हायलाइटमध्ये (उजळ भागात) एक तृतीयांश स्टॉपची जागा जाते. उलट १२५, २५०, ५०० हे वर ढकललेले आकडे, ते टाळा.

रंगीत लाइटचं दुखणं वेगळंच आहे आणि ते लोकांच्या लक्षात येत नाही. राक्षस आला की लाइटवाला सगळे एलईडी लाल करतो. सेन्सरवर चारातला एकच पिक्सेल लाल बघतो, एकच निळा, बाकी दोन हिरवे. म्हणजे नुसता लाल उजेड असेल तर पाऊण सेन्सर जवळजवळ उपाशी बसलाय, त्यामुळे चेहरा दाणेदार पण दिसतो आणि धुरकट पण, फोकस बरोबर असूनही. याला कॅमेऱ्यात इलाज नाही. लाइटवाल्याशी आधी बोलून लालबरोबर थोडा पांढरा किंवा पिवळा मिसळायला सांगा. मला एकदा एका काकांनी सरळ सांगितलं, "अरे, तुका उजेड व्हयो तर आदी सांग ना", आणि त्यानंतर मी प्रत्येक जत्रेत नाटक सुरू व्हायच्या आधी लाइटवाल्याकडे जाऊन चहा पितोच. पिवळ्या हॅलोजनच्या उजेडात पण निळा चॅनल उपाशी राहतो म्हणून निळसर काठांवर आणि काळ्या कपड्यावर दाणे जास्त दिसतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता ३२०० केल्विनला बांधा, चेहरा थोडा पिवळा राहिला तर राहू दे, रात्रीचं नाटक आहे, ते पिवळं शोभतं.

आता पट्टे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब किंवा साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० ठेवलात तर प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन ठोके मिळतात, १/१०० ला एक, आणि पट्टा येत नाही. १/६० किंवा १/१२५ ठेवलात की ठोका अर्धवट कापला जातो आणि पट्टे सरकायला लागतात. कॅमेरा बाहेरून आणलेला असेल, किंवा मेनू रिसेट झाला असेल, तर तो एनटीएससीवर (६० हर्ट्झच्या देशांची व्हिडिओ पद्धत) असतो आणि ३० फ्रेम, १/६० अशी जोडी आपोआप लागते. कॅननमध्ये मेनूत व्हिडिओ सिस्टिम पाल (आपली ५० हर्ट्झची पद्धत) करा म्हणजे २५ आणि ५० फ्रेम दिसायला लागतील. डी७५०, डी७८० मध्ये फ्रेम रेटच्या यादीतच २५ असतो, शिवाय फ्लिकर रिडक्शन ५० हर्ट्झवर ठेवता येतं. २४ फ्रेमच हवी असेल तरी चालेल, फक्त शटर १/५० वरच हवा, पट्ट्यांचा संबंध मुख्यतः शटरशी आहे. ५डी मार्क ४ मधलं अँटी-फ्लिकर फोटोसाठी आहे, व्हिडिओला त्याचा उपयोग नाही, ते चालू करून पट्टे जातील म्हणून थांबू नका.

१/५० ठेवूनही पट्टे येत असतील तर दोनच शक्यता. एक, स्टेजचा एलईडी दिवा डिमरवर आहे. स्वस्त एलईडी डिम केला की तो उजेड कमी करत नाही, वेगाने चालू-बंद होत राहतो, आणि त्याचा वेग विजेच्या ५० हर्ट्झशी जुळेलच असं नाही. लाइटवाल्याला सांगायचं, एलईडी फुल ठेवा आणि उजेड कमी करायचा असेल तर दिवे कमी लावा किंवा लांब न्या. दुसरी शक्यता जनरेटर. लाइट गेली, जनरेटर लावला, त्यावर साउंडचा लोड पडला की त्याची फ्रिक्वेन्सी ५० वर स्थिर राहत नाही, मग फिकट पट्टे हळूहळू वर किंवा खाली जातात. त्यावेळी कॅमेऱ्यात जमत असेल तर शटर १/२५ ला टाकून बघा, चार ठोके मिळाले की चूक पातळ होते, हालचाल थोडी पुसट येईल पण युद्धाचा सीन नसेल तर चालून जातं. वर एक स्टॉप उजेड पण मिळतो.

फोकस. इथे मात्र बॉडीचा फरक खरा आहे. ५डी मार्क ३, ६डी, डी७५०, डी८५० हे सगळे लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून शूट करताना) कॉन्ट्रास्ट बघून फोकस करतात, म्हणजे पुढे-मागे जाऊन चाचपडतात, आणि अंधारात तर नुसतेच चाचपडत राहतात. यात ऑटोफोकसच्या नादी लागूच नका, तुमच्या सेटिंगमध्ये काही चुकलेलं नाही, ती यंत्रणाच तशी आहे. रेकॉर्डिंगच्या आधी दहापट मोठं करून बाकड्यावर फोकस बांधा, कारण दशावतारात राजा शेवटी त्या बाकड्यावरच येऊन बसतो, आणि बाकड्यापासून पुढे किती पावलांवर नट उभे राहतात ते फोकस रिंगला टेप लावून खूण करून ठेवा. ८५ एमएम एफ १.८ ला पाच मीटरवर जेमतेम ३५-४० सेंटिमीटरचा पट्टा शार्प असतो, तलवार फिरवताना नट त्याच्या बाहेर जाणारच. एफ २.८ ला तोच साठीच्या जवळ जातो. म्हणून माझी सवय अशी की गाणं आणि संवाद एफ २ ला, युद्ध एफ २.८ ला, आणि तेवढ्यापुरता आयएसओ वाढू देतो. हुकलेला फोकस एडिटिंगला दुरुस्त होत नाही, थोडे दाणे होतात.

मग बॉडी कुठली. मी वापरलेल्यांबद्दलच बोलतो, आणि आता हे सगळे बहुतेक सेकंडहँड बाजारातच बघायचे.

५डी मार्क २, २००८ चा, ज्याने फुल फ्रेम व्हिडिओ लोकांच्या हातात दिला, त्याचा मान मोठा आहे. पण तो व्हिडिओसाठी सेन्सरच्या सगळ्या ओळी वाचत नाही, मधल्या गाळतो, त्यामुळे गोळा केलेला प्रकाशही वाया जातो आणि साडीच्या बारीक काठावर, जरीवर इंद्रधनुषी लाटा येतात. ६डी त्याच घरातला, फोटोला अंधारात अप्रतिम, व्हिडिओला त्याच लाटा. शिवाय हेडफोन लावायला जागा नाही, पखवाज फाटतोय की नाही हे घरी गेल्यावरच कळतं. ६डीवर लाटा येत असतील तर फोकस किंचित हलवा किंवा थोडं जवळ-लांब व्हा, तेवढाच उपाय.

५डी मार्क ३, २०१२ चा, ओळी न गाळता पिक्सेल एकत्र करून वाचतो, म्हणून लाटा जवळजवळ गायब आणि दाणे आले तरी बारीक, एकसारखे, डोळ्याला न खुपणारे. चित्र थोडं मऊ असतं, ते एडिटिंगला हलकं शार्प करता येतं. आयएसओ ३२०० निर्धास्त, ६४०० कामचलाऊ, हे माझ्या डोळ्याचं मत. रेकॉर्डिंग ऑल-आय वर (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारी पद्धत) ठेवा, साधारण ९० एमबीपीएस मिळतात, जास्त दाबणाऱ्या आयपीबीला तीसच्या आसपास, आणि दाणे भरपूर असले की कमी बिटरेटमध्ये त्यांचे चौकोनी ठोकळे होतात. बजेटमध्ये रात्रीच्या कामाला मी अजूनही हाच सांगतो. मॅजिक लँटर्न हे सॉफ्टवेअर टाकलं तर फोकस पीकिंग (शार्प कडा रंगवून दाखवणं) आणि झेब्रा (फार उजळ भागावर रेघा) मिळतं, पण ते कंपनीचं नाही, जबाबदारी तुमची, आणि ऐन जत्रेच्या रात्री पहिल्यांदा ट्राय करू नका.

डी७५०, २०१४ चा, हलका, स्क्रीन वर-खाली वळते त्यामुळे गर्दीत हात वर करून शूट करता येतं, सावल्या कॅननपेक्षा स्वच्छ. त्रास दोन. १०८० ला २५ फ्रेमवर बिटरेट २४ एमबीपीएसच, आणि हाय क्वालिटीला एका क्लिपची मर्यादा २० मिनिटं, दशावतारात एक गाणं आणि त्यापुढचा संवाद मधेच तुटतो. एचडीएमआयवरून बाहेरच्या रेकॉर्डरला दिलं की दोन्ही सुटतात, पण रेकॉर्डरचा खर्च धरून चला. डी६०० किंवा डी६१० स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल तर एक लक्षात घ्या, लाइव्ह व्ह्यू चालू असताना त्यात अॅपर्चर बदलत नाही, बाहेर येऊन बदलून परत जावं लागतं. "डायल फिरवतो पण काहीच फरक पडत नाही" ही तक्रार बहुतेक त्याचीच.

५डी मार्क ४, २०१६ चा, याचा ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस व्हिडिओत खरंच चालतो, चेहऱ्यावर बोट ठेवा आणि विसरा, माझ्या मित्राने संपूर्ण युद्ध त्यावर धरलं होतं. पण ४के ला १.७४ चा क्रॉप बसतो, २४ एमएम ची लेन्स ४२ सारखी होते आणि सेन्सरचा जेमतेम तिसरा भाग वापरला जातो. म्हणजे ज्या फुल फ्रेमसाठी पैसे मोजले तो अंधारातच हातातून गेला. वर ४के ची फाइल ५०० एमबीपीएसची, ६४ जीबीचं कार्ड सतरा मिनिटांत भरतं. "मार्क ४ घेतला तरी ४के मध्ये दाणे" ही तक्रार इथून येते. त्यावर रात्री १०८० ला शूट करा, सेन्सरची पूर्ण रुंदी मिळते. ६डी मार्क २ मध्ये तोच ऑटोफोकस आणि फिरणारी स्क्रीन, ४के मात्र नाही आणि हेडफोनची जागाही नाही, एकट्याने कीर्तन-भजन शूट करणाऱ्याला बरा.

डी७८०, २०२० चा, डीएसएलआरमध्ये रात्रीच्या व्हिडिओसाठी माझ्या मते यापुढे काही नाही. ४के पूर्ण रुंदीत, क्रॉप न करता, आणि सेन्सरवरच फेज डिटेक्शन (चाचपडत न बसता फोकस थेट मोजणारी यंत्रणा) असल्यामुळे लाइव्ह व्ह्यूत फोकस धावत सुटत नाही. आयएसओ ६४०० ला संकासुराचा पोशाख काळा राहतो, १२८०० ला पण वापरण्यासारखा असतो. पीकिंग आहे, हेडफोन आहे. महाग आहे आणि सेकंडहँडला सहज मिळत नाही. पण तुमची तक्रार फोकसची असेल आणि निकॉनच्या लेन्स घरात असतील तर याच्यावर पैसे घाला. तक्रार फक्त दाण्यांची असेल तर ते पैसे ३५ आणि ८५ च्या प्राइमवर घाला आणि आहे ती बॉडी ठेवा.

आणि ठरवण्याआधी घरी एक टेस्ट करा, अर्धा तास लागतो. रात्री खोलीत एकच दिवा, भिंतीवर काळी चादर, तिच्यासमोर कोणाला तरी खुर्चीत बसवा. पाल, २५ फ्रेम, १/५०, वर सांगितलेली सेटिंग बंद, लेन्स सगळ्यात उघडी. चेहऱ्याचं एक्स्पोजर सारखं राहील असा दिवा जवळ-लांब करत आयएसओ ८०० ते १२८०० पर्यंत प्रत्येक स्टॉपला दहा सेकंद शूट करा आणि टीव्हीवर लावून बघा, मोबाइलवर नको. ज्या आकड्याला चादरीत मुंग्या दिसायला लागतात त्याच्या एक स्टॉप खाली तुमच्या कॅमेऱ्याची हद्द. ती चिठ्ठीवर लिहून बॅगेत ठेवा. माझ्या ६डीची ३२०० निघाली होती, आणि त्यानंतरच्या वर्षी त्याच ६डीवर, ५० एमएम एफ १.८ लावून, आयएसओ १२५० ला मी संकासुराची एन्ट्री परत शूट केली. ती क्लिप मंडळाच्या लोकांनी पहाटे दहीकाल्यानंतर माझ्या लॅपटॉपवर उभ्याउभ्या तीनदा बघितली.